चिंचेच्या रानात मेंढरं बसली

घनसावंगी, ९ फेब्रुवारी २०२५

करण्या,

तिथं तुला कुणी करणभाऊ म्हणत असेल, कुणी शेठ म्हणत असेल. मी करण्याच म्हणणार. हे पत्र तुझ्याआधी जेलरसाहेब वाचतात असं ऐकलं, तेव्हा त्यांनाही माझा नमस्कार. साहेब, आम्ही तिघं पहिलीपासून एका बाकावरचे. एक तुमच्याकडं पाहुणा आहे. दुसरा मी, हरिओम, घनसावंगीत पाण्याच्या मोटारींचं वायंडिंग करतो. तिसरा रायभान, आणि तो कुठं आहे हे सध्या सगळ्या तालुक्याला जाणून घ्यायचंय.

तेच विचारायला काल तुझा बबलू दुकानात आला होता. हा नवीन पोरगा कुठून पैदा केलास? गॉगल डोळ्यांवर कमी नि डोक्यावर जास्त. मी एक जळालेली मोटार खोलून बसलो होतो. म्हणाला, "भाऊनं इचारलंय, रायभान कुठं हाय? तुला बराबर म्हाईत आसंल म्हणले." मी म्हणालो, "बाबा, मला मोटारीच्या पोटातलं कळतं. माणसाच्या पोटातलं कळलं आसतं तं दुकान कशाला टाकलं आसतं?" तो बाकावर बसून राहिला, फोनवर रायभानचा फोटो पुन्हा पुन्हा दाखवत राहिला. हायवा ट्रकच्या टपावर पाय सोडून बसलेला, जीन्स, पांढरे बूट. शेवटी माझ्याच खर्चानं दोन चहा पिऊन गेला.

करण्या, तू मला नीट विचारतोस म्हणून नीट सांगतो. कडूबा कोतवाल तुझ्या वाळूच्या हायवाखाली गेला त्याला आता दीड वर्ष होईल. तुझा वकील म्हणतो, गाडी परप्रांतातला ड्रायव्हर चालवत होता आणि तो पळून गेला. तलाठी म्हणतो, मी मागं होतो, धुरळा होता, काही दिसलं नाही. पंच फितूर झाले. उरला एकटा रायभान, केबिनमध्ये तुझ्या शेजारी बसलेला. त्यानं पोलिसांना सांगितलं की चाकावर तू होतास, कडूबा वाळूची गाडी अडवायला हात पसरून समोर उभा होता आणि तू ब्रेक मारला नाहीस. आता तेच एप्रिलात कोर्टात सांगायचं राहिलंय. त्यानं सांगितलं तर तू आत राहशील, नाही सांगितलं तर बाहेर येशील. आणि त्याआधी तो तुझ्या पोरांना सापडला तर काय होईल ते मी लिहीत नाही. जेलरसाहेबांची झोप कशाला मोडू? त्याची मोटारसायकल दारातच जळाली, एवढं पेपरात आलंच आहे.

तू बबलूकडून निरोप दिलास की रायभान पुण्या-मुंबईकडं कुठं तरी ट्रक चालवत असेल, कारण त्याला दुसरं काही येत नाही, आणि मेंढरांकडं तर तो मरेपर्यंत जाणार नाही. यात तुझी काही चूक नाही. त्याचा मामा भिवा शाळेवरून मेंढरं घेऊन निघाला की रायभान कसा बाकाखाली शिरायचा, ते आपण दोघांनीच पाहिलंय. पोरं त्याला बघून मेंढरासारखी ओरडायची. बद्रीनाथचा दात तू त्यापायीच पाडलास आणि हेडमास्तरांच्या छड्या एकट्यानं खाल्ल्यास. हूं की चूं केलं नाहीस. मी तेव्हा दारामागं उभा राहून बघत होतो, आणि मला वाटलं होतं, दोस्त असावा तर असा. ते अजून वाटतं. म्हणून तर हे सगळं इतकं जड जातं.

तुझ्या आईची, उषाकाकूंची, तब्येत ठीक नाही. एकच वेळ जेवतात. भेटीला आणीन.

तुझा,
हरिओम


घनसावंगी, ८ मार्च २०२५

करण्या,

गेल्या शनिवारी भेटीत तू वाळलेला दिसलास. जाळीच्या पलीकडून काकूंना म्हणालास, "माय, तू रडू नको, मी एप्रिलात येऊन राह्यलो." काकू रडत नव्हत्या. त्यांनी तुला एकच गोष्ट विचारली, चिंचेच्या रानात मेंढरं बसवू का? तू हसलास. म्हणालास, "आगं, एवढं इचारायला आलीस? बसव की. भिवामामाचीच बसव, त्याचा वाडा मोठा हाय." परत येताना बसमध्ये काकू म्हणाल्या, "रान त्याच्या नावावर हाय. मालकाला इचारल्याबिगर कसं बसवावं?" अशी बाई मी पाहिली नाही. तुझ्या वाळूच्या पैशाचा चहासुद्धा त्या पीत नाहीत, आणि रानाचा मान मात्र तुला देतात.

जेलरसाहेब शहरातले असतील म्हणून सांगतो. हरभरा निघाला की आमच्याकडं मोकळ्या रानात मेंढरं मुक्कामाला बसवतात. त्यांच्या लेंड्यांनी जमिनीला असं खत मिळतं की पुढं दोन वर्षं पोतं टाकावं लागत नाही. बदल्यात मालक धान्य देतो, आणि जोवर मेंढरं त्याच्या रानात आहेत तोवर मेंढक्यांची भाकरी त्याच्या घरची. कुणी त्यांना हात लावला किंवा शिवी दिली, तर ती रानाच्या मालकाला लागते. अशा रानात पीक येत नाही, असं म्हातारी माणसं म्हणतात. साहेब, खरं-खोटं मला ठाऊक नाही, पण आमच्या गावात ते तपासून बघायची कुणाची छाती झालेली नाही.

तर भिवामामाचा वाडा, म्हणजे त्याच्या मेंढरांचा तांडा, आला. सगळं रान पांढरं-काळं झालंय. काकू रोज टोपलंभर भाकरी घेऊन जातात आणि तिथंच चिंचेखाली मेंढक्यांत बसून जेवतात. दोन्ही वेळ जेवायला लागल्या आहेत, म्हणून तू काळजी करू नकोस.

बबलू नि त्याची गँग फार मेहनत करतेय. बदनापूरच्या स्टेशनवर कुणी तरी रायभानसारखा चढताना दिसला म्हणून दिवसभर तिथं बसले. मग परभणीला त्याच्या बहिणीकडं, इंद्रायणीकडं, जाऊन आले. तिच्या सासूनं त्यांना अंगणात झाडू घेऊन असं फिरवलं की बबलूचा गॉगल तिथंच राहिला. आता पुण्याला जायचं म्हणतात. जाऊ दे, पोरांना फिरायला मिळतं.

हरिओम


घनसावंगी, ३१ मार्च २०२५

करण,

आज तुझी तक्रार करायला पत्र लिहितोय, म्हणून 'करण्या' नाही.

काल पाडवा. काकू नि मी दुपारी मेंढक्यांना पुरणपोळी घेऊन रानात गेलो, तर बबलू दोन मोटारसायकली घालून थेट मेंढरांत शिरलेला. कोकरं बिथरली, एकाचा पाय चेंगरला. म्हणे पालं उघडून बघायचीत, भाचा कधी तरी मामाकडं येतोच. भिवामामा आडवा आला तर बबलूनं त्याला शिवी दिली. आईवरून. पाडव्याच्या दिवशी, तुझ्या रानात बसलेल्या माणसाला.

काकूंनी टोपलं खाली ठेवलं. आवाज चढवला नाही. म्हणाल्या, "पोरा, हे रान कोनाचं हाय?" तो म्हणाला, "भाऊचं." "मंग ही शिवी कोनाला लागली?" बबलूचं तोंड बघायला तू हवा होतास. पुढं त्या म्हणाल्या, "पालं उघडायची तं उघड. पन आधी करणला इचारून ये की तुझ्या रानात मेंढरं आसताना मेंढक्याच्या बायकापोरांची पालं उघडू का. तो हो म्हणला तं मी सोता उघडून देते." तो मुकाट्यानं गाडी ढकलत बांधापर्यंत गेला. सुरू करायचीसुद्धा हिंमत झाली नाही त्याची.

तू वाळू काढलीस, नदी खरवडलीस, अजून काय काय केलंस ते कोर्ट बघेल. पण बसलेल्या मेंढरांवर गाड्या घालणाऱ्यातला तू नव्हतास. तेव्हा त्या पोराला निरोप दे, मेंढरं उठेपर्यंत चिंचेच्या रानाकडं फिरकायचं नाही.

हरिओम


घनसावंगी, १६ एप्रिल २०२५

करण्या,

तुझा निरोप चारच दिवसांत आला होता. बबलूनं भिवामामाचे पाय धरले, आणि त्यानंतर तुझ्या पोरांपैकी एकही त्या रानाकडं फिरकला नाही. त्याबद्दल तुझे आभार मानायचे की काय करायचं, मला कळत नाही. कालपासून तू माझ्या नावानं बोटं मोडत असशील. मोड. पण कसं काय घडलं ते माझ्याकडून ऐक, दुसऱ्या कुणाकडून ऐकू नकोस.

फेब्रुवारीत बबलू माझ्या दुकानात चहा पीत होता, तेव्हा रायभान मागच्या खोलीत तांब्याच्या तारेच्या रिळांमागं बसला होता. संरक्षणाचा अर्ज दिला होता, तो या टेबलावरून त्या टेबलावर फिरत होता. मी म्हणालो, हैदराबादला जा. तो म्हणाला, "करण मला समद्या शहरांत हुडकंल. मेंढरांत न्हाई हुडकणार. त्याला म्हाईत हाय, मला मेंढरांची लाज वाटती." मी विचारलं, "वाटत न्हाई का आता?" म्हणाला, "लई वाटती. म्हणून तं तिथंच जायचं." करण्या, तू त्याला बरोबर ओळखलं होतंस. तुझ्या-माझ्याएवढं त्याला कुणीच ओळखत नाही, म्हणून तर आपण दोघांनीही त्याला तिथं शोधलं नसतं. जी घोंगडी बघून तो बाकाखाली शिरायचा, तीच खांद्यावर टाकून तो भरउन्हात रस्त्यानं चालत गेला. मी बघत होतो. माझ्यात तेवढी धमक नाही.

पुढं भिवामामाच्या वाड्याची पाळी नेहमीप्रमाणं तुमच्या रानात यायची होती. मामा घाबरला, म्हणाला यंदा नको. रायभान सरळ तुमच्या घरी गेला, काकूंसमोर उभा राहिला. मी सोबत होतो. म्हणाला, "काकू, मी भिवामामाच्या मेंढरांत हाय. आन मी करणच्या इरोधात बोलणार हाय. सांगायचं आसंल तं आत्ताच बबलूला बोलवा, मी हितंच बसतो."

काकूंनी आधी दार लावून घेतलं. मग विचारलं, "कडूबा वरडला का रे?"

रायभान म्हणाला, "वरडला. 'करणदादा, मी हाय, मी हाय' म्हणला. त्याला वाटलं धुरळ्यात करणनं वळखलं न्हाई. त्यो बाजूला झालाच न्हाई, काकू. त्याला वाटलं, वळखलं की थांबनार."

तुझ्या बारशाला पाळणा धरायला कडूबा होता, तुला ठाऊक आहे. काकू भिंतीला टेकून खाली बसल्या. त्यानंतर एवढंच म्हणाल्या, "मेंढरं आन. पन करणला इचारून बसवीन." आणि त्या खरंच तुला विचारायला आल्या.

पाडव्याला बबलू गाड्या घेऊन शिरला, तेव्हा रायभान पालात नव्हता. तो बाभळीखाली लोकर कातरत बसला होता, तोंडावर फडकं बांधून. बबलूनं पहिल्यांदा त्यालाच विचारलं, "ए मामा, रायभान दिसला का हिकडं?" रायभाननं कात्री न थांबवता सांगितलं, "त्यो लई मोठा मानूस झाला बाबा. हायवावर बसतो, पांढरे बूट घालतो. त्यो कशाला मेंढरात येतोय?" उन्हानं काळा पडलेला, दाढी वाढलेली, अंगाला मेंढरांचा वास. बबलूनं नाक दाबलं आणि पुढं गेला. भिवामामानं हे सांगितलं तेव्हा मी हसलो.

आता कालचं. जालन्यात स्टेशनपासून ते कोर्टाच्या फाटकापर्यंत तुझी पोरं उभी होती. उतरणाऱ्या प्रत्येक माणसाचं तोंड बघत होती. काकूंनी सकाळीच बबलूला निरोप धाडला होता, "मला कोर्टात यायचंय. करणची गाडी घेऊन ये." तो बिचारा धावत आला. काकू मागं बसल्या, मी शेजारी, आणि पुढं बबलूच्या बाजूला भिवामामाचा एक गडी, पटक्यात, मांडीवर काकूंची पिशवी घेऊन. घनसावंगी ते जालना बबलू त्याला मेंढरांचे भाव विचारत होता. फाटकावर तुझ्या पोरांनी गाडी ओळखली, वाकून काकूंना नमस्कार केला, आणि एकानं त्या गड्याचा दरवाजासुद्धा उघडून दिला.

तू आरोपीच्या जागेवरून काकूंना पाहिलंस आणि हात केलास. तुझा चेहरा लहान पोरासारखा खुलला होता. तुला वाटलं, माय आपल्यासाठी आली. त्यांनीही हात केला. मग शिपायानं रायभानचं नाव पुकारलं, आणि त्या गड्यानं पिशवी काकूंच्या मांडीवर ठेवली, वाकून पायाला हात लावला आणि चालत साक्षीदाराच्या पिंजऱ्यात गेला. तुझ्याकडं मी तेव्हा बघू शकलो नाही.

तुझ्या वकिलानं त्याला काय कमी छळलं? "तू याच्या पगारावर होतास. याचं मीठ खाल्लंस. काही तरी वैर असणार." रायभान म्हणाला, "वैर न्हाई साहेब. करण माझा दोस्त हाय. शाळेत माझ्यापायी त्यानं छड्या खाल्ल्या. दुसरा कोनी चाकावर आसता तं मीबी म्हणलो आसतो, धुरळा व्हता, दिसलं न्हाई." वकील म्हणाला, "मग आता का बोलतोस?" तो म्हणाला, "कडूबानं त्याला दोस्तावानीच हाक मारली व्हती. त्यानं ऐकली न्हाई. ती म्या ऐकली. ऐकून चूप बसलो तं मंग मी कोन?" जजसाहेबांनी लिहिणाऱ्याला ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं. मागच्या बाकावर कडूबाची बायको कांताबाई तोंडाला पदर लावून बसली होती. काकू उठून तिच्याजवळ जाऊन बसल्या.

मला लेखक वगैरे होता येत नाही. एवढंच सांगतो, त्याच्यासारखा माणूस आपल्या बाकावर बसायचा याचा मला काल फार अभिमान वाटला. तुझ्याबद्दल काय वाटलं ते सांगता येत नाही.

हरिओम


घनसावंगी, ४ मे २०२५

करण्या,

काल काकू आल्या होत्या. सकाळच्या पहिल्या बसनं. नाव लिहून दिलं, नंबर लागला, आणि तू बाहेर आला नाहीस. शिपाई येऊन म्हणाला, तो न्हाई म्हणतो. त्या पुन्हा रांगेत उभ्या राहिल्या. दुसऱ्यांदाही तू आला नाहीस.

बबलू आता तुझ्याकडं नाही. त्यानं गावात टपरी टाकलीय आणि मला बघितलं की दुसरीकडं बघतो, कारण बाजारातली पोरं त्याला विचारतात, काय बबलूशेठ, जालन्याचं एक शीट सोडता का? तुझी बाकीची पोरं पांगली. रायभान मेंढरांतच आहे. आता लपायचं कारण नाही, तरी उठला नाही. म्हणतो, "आता लाज ग्येली तं बसू दे थोडं." त्याच्यावरचा धोका संपला असं मी म्हणत नाही, पण तो आता भरबाजारात तोंड उघडं ठेवून फिरतो, आणि लोक उठून त्याला जागा देतात. निकाल लागायचा तेव्हा लागेल.

तू कुणाकडून तरी निरोप पाठवलास म्हणे, "मायनं माझा गळा कापला." मी तो काकूंना सांगणार नव्हतो. पण गावात निरोप दाबून राहत नाहीत, त्यांच्यापर्यंत गेला. काल परतीच्या बसमध्ये त्यांनीच विषय काढला. खिडकीबाहेर बघत बोलत होत्या. तू जाळीपाशी आला असतास तर हे तुलाच सांगितलं असतं. आला नाहीस, म्हणून मी त्यांच्या शब्दांत लिहितो, एक अक्षर इकडचं तिकडं न करता.

"हरिओम, लोक म्हणतेत उषाबाईनं रायभानला वाचवलं. रायभानला वाचवायला त्याचा मामा व्हता, तू व्हतास. मी त्याच्यासाठी न्हाई केलं. कडूबाला मारलं त्या दिवशी करणला राग व्हता, दारू व्हती, काय आसंल ते आसंल. मी रोज सोताला सांगते, त्यानं वळखलं न्हाई. खोटं हाय, पन त्याच्यावर मी जगून राह्यले. रायभानला मारलं आसतं तं मला काय सांगता आलं आसतं? त्याला तं लहानपणापासून वळखत व्हता. जेलातला पोरगाबी माझाच हाय, म्हातारी होईस्तोवर मी त्याच्या भेटीला जाईन. पन रायभानला मारून घरी आला आसता ना, तं मी दार उघडलं नसतं. मला माझा पोरगा पायजे व्हता, म्हणून केलं."

अंबडच्या स्टँडवर बस थांबली तेव्हा त्यांनी मला विचारलं, पुढच्या शनिवारी भेट असते ना? मी म्हणालो, तो परत आला नाही तर? म्हणाल्या, "मंग त्याच्या पुढच्या शनिवारी."

त्या येतायत, करण्या. ऊन फार आहे आणि रांगेत सावली नाही. तू बाहेर ये.

हरिओम